नाटकवाल्यांची पंगत

आम्ही अकोट सोडलं त्या सकाळी बैलांची रेंगी दारात उभी होती आणि माझे सासरे, मामाजी, मळ्यात मोट हाकत होते. चाकाची कुरकुर घरापर्यंत ऐकू येत होती. मधला मुलगा आणि सून घर सोडून चालले, तरी मामाजींनी बैल थांबवले नाहीत. सासूबाईंनी माझ्या पदरात मूठभर तीळ बांधले आणि म्हणाल्या, "जाय. पन उपाशी नोको राहू. दुसऱ्याले वाढता वाढता बाई सोतःच उपाशी रायते."

भांडण साधंच होतं. तीन भाऊ आणि एक भाजीचा मळा. आमच्या यांचं मन वाफ्यात कधी रमलं नाही, पण हाताला चव अशी की आसपासच्या गावांत लग्न निघालं की वरणाच्या हंडीपाशी यांनाच बोलावणं. अमरावतीला खाणावळ घालायची, हे त्यांच्या मनानं घेतलं, आणि खरं सांगते, माझ्याही. मामाजींना ते ऐकवेना. ते म्हणाले, "मानूस अन्नदान करते. अन्न इकत नाई. ज्या दिशी तुमी खानावळ घालसान, त्या दिवसापासून तुमच्या घरचं पानी मी पेनार नाई." एवढं बोलून ते मळ्यात गेले, ते आम्ही निघेपर्यंत आलेच नाहीत.

अकोल्यापर्यंत रेंगी, तिथून आगगाडी, बडनेऱ्याला उतरून अमरावतीची छोटी गाडी. वाटेत मी एकदाही रडले नाही. रडले ते चार दिवसांनी, बाजारात. भाजीवालीनं माझ्यापुढे सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी धरली आणि भाव सांगितला. जन्मात मी सांबार विकत घेतला नव्हता. माहेरी मळा, सासरी मळा. वरणाला फोडणी दिली की मागच्या दारी जाऊन उपटून आणायचा. ती जुडी हातात घेतली तेव्हा मला कळलं, की आपण घरातून खरंच निघालो आहोत.

तुम्ही तिकडे राहिलेली माणसं अजून विचारता, की काकू, तुमचा जीव शहरात लागला कसा? आणि आमच्यामागून जे कोणी नागपूरला, कोणी मुंबईला गेले, ते विचारत नाहीत. त्यांना ठाऊक आहे, की जीव आपोआप लागत नाही, तो लावावा लागतो. म्हणून ज्या आठवड्यात माझा लागला, त्याची गोष्ट सांगते.

आमची खाणावळ कापसाच्या बाजाराजवळ होती. पुढे पत्र्याचं छप्पर, मागे दोन खोल्या. हंगामात गाडीवान, सरकी काढणाऱ्या जिनातले मजूर, क्वचित एखादा दलाल जेवायला येई. भाकर, वांग्याची भाजी, कढी, ठेचा. मीही नवे शब्द शिकले होते: ऑर्डर, प्लेट, हाफ, फुल. गाडीवान मला "भाकरवाली बाई" म्हणत. पण गावातले पांढरपेशे लोक आमच्या दारावरून पुढे जात. त्यांच्या खाणावळी वेगळ्या, त्यांच्या पंगती वेगळ्या. माळ्याच्या हातचं कोण खाणार?

कापूस विकला गेला, लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, की पुण्या-मुंबईकडच्या नाटक मंडळ्या वऱ्हाडात उतरत. त्या साली एक मोठी संगीत मंडळी अकोल्याचे खेळ करून अमरावतीला आली. त्यांच्याबरोबर त्यांचा स्वतःचा आचारी असे, पण तो अकोल्यातच तापानं पडला आणि गावी परतला. हंगामाच्या गर्दीत एवढ्या माणसांचं जेवण आठवडाभर रोज करायला गावातली एकही खाणावळ तयार होईना. शेवटी मंडळीचे मॅनेजर, काळा कोट घातलेले उंच गृहस्थ, आमच्या छपराखाली येऊन उभे राहिले.

"चाळीस माणसांचं संध्याकाळचं जेवण, आठवडाभर. जमेल?"

"जमते," हे म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आपण कोण?"

"माळी. अकोटचे."

मॅनेजरांनी अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्यात सगळ्या प्रकारची माणसं आहेत. मी सांगून ठेवतो. पुढं त्यांची मर्जी."

पहिल्या दिवशी आम्ही दोघं आणि शेजारच्या दोघी बाया पहाटेपासून राबलो. बेसनाच्या पाटोड्यांचा रस्सा, भाकरी, गव्हाच्या पोळ्या, वांगं, कढी, भात. गवयांना तिखट चालत नाही असं कळलं होतं, म्हणून एक भाजी बिनतिखटाची वेगळी केली. अंगण सारवलं, पाट मांडले, चाळीस पत्रावळी लावल्या. दिवेलागण झाली आणि माणसं आली दहा-बारा. पडदे ओढणारे, रंगवाले, दिवे लावणारे. बाकीचे बिऱ्हाडी बसून राहिले होते. माळ्याच्या घरी कसं जेवायचं, हाच प्रश्न.

रस्त्यापलीकडे दुसऱ्या खाणावळीचा मालक हात बांधून पाहत होता. हे चुलीपाशी बसून राहिले. मी त्या रिकाम्या पत्रावळींकडे पाहत होते आणि मामाजींचा आवाज माझ्या कानात होता. वाटलं, आज रात्रीच गाठोडं बांधावं.

तेवढ्यात मंडळीचे मालक आले. तेच मुख्य नट, तेच गाणारे. साधा सदरा, गळ्याला लोकरीचा रुमाल. त्यांनी दारातच सगळं पाहिलं आणि काही न विचारता पहिल्या पाटावर येऊन बसले. मी वाढायला गेले, तर पत्रावळीवर हात आडवा धरला.

"बाई, पंगत भरल्याशिवाय मी घास घेत नाही. आमच्या मंडळीचा तसा रिवाज आहे." मग मॅनेजरांना म्हणाले, "जाऊन सांगा, मी पाटावर बसलोय. आणि भूक लागलीय."

मॅनेजर धावले. थोड्या वेळानं गल्लीच्या टोकाला माणसं दिसली. आधी तरणी पोरं, मग तबलजी, मग बाकीचे, नजर चुकवत, धोतर सावरत. पेटी वाजवणारे म्हातारे तात्या सगळ्यांच्या शेवटी आले आणि बाजूला बसून म्हणाले, "मला फक्त ताक." मी ताक दिलं. सगळ्यांची पानं वाढून झाली तेव्हा मालकांनी पहिला घास घेतला, आणि मीही बऱ्याच वेळानं श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी सगळे न बोलावता आले. तात्यांनी ताकाबरोबर थोडा भात मागितला. तिसऱ्या दिवशी ते पंगतीत बसले आणि पाटोड्यांचा रस्सा दोनदा घेतला. सदाशिव नावाचा एक विशीतला नट नायिकेचं काम करी. गोरा, नाजूक, बोलणं हळू. पण ठेच्यावर असा तुटून पडायचा की गाडीवानानं हात जोडावेत. मॅनेजर डोळे वटारत, "अरे, गळा जाईल!" की हा पोळीखाली ठेचा लपवी. पुढे पुढे आमचे गाडीवानही त्याच वेळी येऊ लागले, आणि अंगणात एका ओळीला पुणेरी "अहो बाई, जरा आमटी," आणि दुसऱ्या ओळीला "बाई, कढी येऊ द्या!" असं सुरू झालं. पलीकडचा खाणावळवाला आता हात सोडून पाहत होता.

ही बातमी भाजीच्या गाड्यांबरोबर अकोटला पोचली, कोण जाणे कशी. आठवड्याच्या मधातच, ऐन पंगतीच्या वेळी, मामाजी दारात उभे. हातात काठी, डोक्यावर तेच मळकं पागोटं, सर्व्हिस मोटारीची धूळ अंगभर. घर सोडल्यापासून मी त्यांना पाहिलं नव्हतं. ते आधी वाळले होते, आता आणखी वाळलेले दिसले.

हे पुढं झाले, "बाबा, बसा." ते बसले नाहीत. भाजीच्या टोपलीपाशी गेले, एक वांगं उचललं, बोटानं दाबलं आणि म्हणाले, "हे वांगं? हे ढोराले टाकाव. असं वांगं तुमी मानसाले खाऊ घालून राहिले?"

"बाजारात हेच भेटते बाबा."

"म्हून म्हनलं होतं. अन्न इकाची पाळी आली, की मग असंच."

सगळी पंगत थांबली. सासऱ्यापुढे मी कधी तोंड वर करून बोलले नव्हते. पण त्या दिवशी पळी हातात होती, चाळीस माणसं माझ्या वाढण्याची वाट पाहत होती, आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेले.

"मामाजी, तुमी वांगे इकता, आमी वांग्याची भाजी इकतो. मधात निस्ती चूल हाय. चुलीनं अन्न बाटते काय?"

हे माझ्याकडे पाहतच राहिले. मला वाटलं, आता मामाजी काठी उगारतात. मालकांनी आपला पाट जरा सरकवला, बाजूला दुसरा ओढला आणि म्हणाले, "काका, इकडे बसा. हा पंगतीचा प्रश्न जेवल्यावर सोडवू."

मामाजींनी काठी भिंतीला टेकवली. हातपाय धुतले. बसले. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला सदाशिव. मी मामाजींच्या पानावर भाजी-भाकर वाढली. त्यांनी भाकर मोडली, वांग्याला लावली, सावकाश चावली.

"वांगं हलकं हाय," ते म्हणाले. मग आणखी एक घास घेऊन, "पन मीठ बराबर पडलं."

आणि त्यांनी पाण्याचा गडू उचलला. घटाघटा प्याले, रिकामा केला, माझ्याकडे धरला. "आन पानी." मी आत पाणी आणायला गेले, ते डोळे पुसूनच बाहेर आले. हे चुलीकडे तोंड करून उगाच लाकडं सारखी करत होते.

दुसऱ्या दिवशी मामाजी उजाडताच बाजारात गेले आणि भाजीवाल्यांशी भांडून चांगली वांगी घेऊन आले. आठवडा संपेपर्यंत ते अकोटला गेले नाहीत. सदाशिवला ते "ठेचेवाला" म्हणत आणि स्वतःच्या हातानं त्याच्या पानावर मिरची ठेवत.

शेवटच्या खेळाला मालकांनी आम्हाला बोलावलं. "आज चूल बंद. आज तुम्ही आमचे पाहुणे." मी लग्नातलं हिरवं लुगडं नेसले. थेटरात बायकांची बसायची जागा वेगळी, मी तिथं वकिलांच्या, मामलेदारांच्या घरच्या बायकांत बसले. पुरुषांकडे पहिल्या रांगेत हे आणि मामाजी. मामाजी खुर्चीवर पाय वर घेऊन, मळ्याच्या बांधावर बसावं तसे बसले होते. मी त्याआधी कधी नाटक पाहिलं नव्हतं. पडदा वर गेला आणि मागे राजवाडा, कारंजं, चांदणं! आपल्या अंगणात पाटोड्या खाणारी हीच माणसं का, असं वाटलं. तात्यांची पेटी सुरू झाली आणि शालू नेसलेली नायिका डौलात आली. अशी देखणी, की माझ्या शेजारची बाई "अगंबाई" म्हणाली.

त्या शांततेत पुरुषांकडून मामाजींचा आवाज आला, "अरे, हा त आपला ठेचेवाला!"

सगळं थेटर हसलं. सदाशिवचे ओठ हलले, खांदे हलले, मला वाटलं आता खेळ मोडतो. पण त्यानं पदर सावरला, मामाजींच्या दिशेनं अगदी बारीक मान झुकवली आणि असा सूर लावला की हसणारे जागच्या जागी थांबले. ते पद लोकांनी पुन्हा पुन्हा मागून घेतलं. मॅनेजर ज्याला जपत होते तो गळा ठेच्यानं कुठंही गेला नव्हता.

खेळ संपल्यावर मालक तोंडाचा रंग न पुसताच पुढे आले. गावाचे आभार मानले आणि मग म्हणाले, "आम्ही गावोगाव हिंडतो. घर म्हणून आम्हाला कुठं नसतं. या आठवड्यात अमरावतीत होतं. आमची सगळी मंडळी इथं एका पंगतीत जेवली, ते ज्यांच्या अंगणात, ते अकोटचे नवरा-बायको इथं बसले आहेत. त्यांनी उभं राहावं."

मला उभं राहवेना. शेजारच्या वकिलाच्या बायकोनं माझा दंड धरून उठवलं. मागून, खाली जमिनीवर बसलेल्या गाडीवानांतून एकजण ओरडला, "भाकरवाली बाई!" आणि टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. मी यांच्याकडे पाहिलं. यांच्या शेजारी मामाजीही उठले होते आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते, सगळ्यांत जोरात.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. पुढच्या हंगामापासून मंडळ्या आम्हाला आधी निरोप पाठवू लागल्या. पलीकडची खाणावळ आम्हीच घेतली. मामाजी मळ्यातली वांगी मोटारीनं पाठवू लागले आणि ड्रायव्हरला बजावू लागले, "सुनीले सांगजो, पहिल्या तोडीचे हाय." हल्ली आमच्याकडे कोण कुठल्या जातीचा जेवतो हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर मी म्हणते, भुकेल्या जातीचा.

मागच्या वर्षी धाकट्या दिराच्या मुलीच्या लग्नाला अकोटला गेले. धाकट्या जाऊबाईंनी मला मानाच्या पाटावर बसवलं, रांगोळी घातली, चांदीची वाटी ठेवली. मांडवात पंगती उठत होत्या, वरणाचा वास येत होता, आणि वाढप्यांची नुसती धांदल. कोणाच्या पानात भात नाही, कोणाच्या पानात कढी नाही. मला घास गिळवेना. मी उठले आणि पदर खोचला.

जाऊबाई धावत आल्या. "अवं, तू कुठी चालली? बस ना! तू त पाहुनी!"

"पाहुनी कोन वं?" मी म्हणाले. "आपल्या घरी कोनी असं बसून रायते काय? दे ती वरनाची बादली इकडे."