तिसऱ्यांदा पाहिल्याशिवाय न बोलणारे खरात मामा

यादवराव धोंडीराम खरात यांची आणि माझी ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी लिहिताना ती चूक टाळून पुढे जाता येणार नाही.

तेव्हा नगरच्या एमआयडीसीत माझी स्वतःची कार्यशाळा सुरू होऊन चारच वर्षं झाली होती. जुन्या गाड्या दुरुस्त करणारी बाई म्हणून लोक कुतूहलानं येत. देवळाली प्रवऱ्याच्या कुसुमकाकूंनी मला त्यांच्या दिवंगत यजमानांची गाडी पाहायला बोलावलं. लाल रंगाची, दोन माणसांची, टपाशिवायची स्पोर्ट्स गाडी. इंग्लंडमधल्या एका लहान कारखान्यानं शर्यतीसाठी अशा मोजक्याच गाड्या बनवल्या होत्या, आणि त्यातली एक आपल्या उसाच्या पट्ट्यात आहे अशी अवघ्या राहुरी तालुक्याची समजूत होती. काकूंना ती यजमानांच्या नावानं एका संग्रहालयाला द्यायची होती. मी चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, नंबर कागदांशी ताडून पाहिला, इंजिनाचा नंबर पाहिला, आणि गाडी अस्सल असल्याचं पत्र माझ्या सहीनं दिलं. समारंभाच्या पत्रिका छापून झाल्या.

संग्रहालयाच्या लोकांनी मात्र आणखी एकाचं मत मागितलं. ते एक म्हणजे सोनईचे खरात मामा.

मी त्यांना आणायला गेले. बाजारपेठेच्या मागे पत्र्याची शेड, दारात चपला, आत शिडशिडीत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभ्यानंच चहा पीत होते. ते बसलेले मी त्यानंतरही फार वेळा पाहिलेले नाहीत. मी माझं पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, “दाराचं अस्तर काढलं हुतं का?”

“नाही. नंबर जुळत होते.”

“नंबर पाटीवर असतो. पाटी दुसरीकडं लावता येती.”

देवळालीत पोहोचल्यावर त्यांनी आधी काकूंना नमस्कार केला आणि गाडी उघडायची परवानगी मागितली. मग ते तासभर गाडीखाली होते. बाहेर येऊन त्यांनी मला आत डोकं घालायला लावलं. चासीचे पाइप करड्या रंगाच्या विजेच्या वेल्डिंगनं जोडलेले होते. मूळ कारखाना पितळेची झाळ देई आणि ती पिवळसर दिसते. नटबोल्टांना इंची पाना बसत नव्हता, मिलिमीटरचा चपखल बसत होता. म्हणजे गाडी नक्कल होती. मी म्हणाले, “मामा, पत्रिका वाटून झाल्यात.”

“त्या काय गाडीला जोडलेल्या न्हाईत,” ते म्हणाले. “काकूंना तू सांगायचं. कागद तुजा हाय.”

मी सांगितलं. काय शब्द वापरले ते आठवत नाही. कुसुमकाकू पडवीतल्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, “ह्यांना ठाऊक होतं का? का ह्यांनापण कुणी फसवलं?”

मामा म्हणाले, “काकू, मला गाडीचं सांगता येतं. मानसाचं न्हाई.”

असं म्हणून ते स्वस्थ बसले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्यांना राहवेना. अंगणात दोन चकरा मारून ते पुन्हा गाडीपाशी गेले आणि डाव्या दाराचं चामडी अस्तर त्यांनी हलक्या हातानं सोडवलं. आतल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पेन्सिलीनं, देवनागरीत लिहिलं होतं, ‘डावं दार. वरून अर्धा इंच कमी करणे.’

त्यांनी काकूंना हात धरून तिथवर आणलं. काकूंनी चष्मा लावला. त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “हे अक्षर ह्यांचं आहे. ‘क’ असाच मोडका काढायचे. दोन वर्षं दर शनिवारी पुण्याला मीटिंग म्हणून जायचे.” आणि पदर तोंडाला लावून त्या हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसले. त्यांच्या यजमानांनी ती गाडी कुणाच्या तरी कार्यशाळेत स्वतः उभी राहून बनवून घेतली होती आणि शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नव्हतं. समारंभ रद्द झाला. गाडी आजही देवळालीतच आहे, आणि काकू ती आल्यागेल्याला दार उघडून दाखवतात.

मामांच्या घडणीबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचे वडील सोनईच्या आसपास दुसऱ्यांच्या रानात राबत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर घरातलं पहिलं शाळेत गेलेलं मूल म्हणजे मामा. फिटरचं शिक्षण घेऊन ते नगरला लष्करी वाहनांच्या दुरुस्तीखात्यात लागले आणि तिथंच निवृत्त झाले. एकाच जीपला चार जीपांचे भाग बसवलेले असत. कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतरचा, हे बोटांनी ओळखायची सवय त्यांना तिथं लागली. निवृत्तीनंतर पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे हौशी संग्राहक गाडी घेण्याआधी सोनईला फोन करू लागले. मामांनी कुणाच्या दारात जाऊन कधी काम मागितलं नाही, आणि कुणाला आवडेल असं मतही दिलं नाही.

माझं पत्र खोटं ठरल्याची बातमी चार दिवसांत नगरभर झाली. ठरलेली कामं गेली. मी कार्यशाळा बंद करून नोकरी शोधावी असं घरचे म्हणू लागले. त्याच सुमारास मामा दर मंगळवारी एसटीनं नगरला येऊ लागले. माझ्या शेडच्या दारात उभे राहत, गाड्या न्याहाळत, चुका दाखवत, संध्याकाळच्या गाडीनं परत जात. त्यांना करमत नसेल असं मला वाटे. खूप नंतर मामींनी सांगितलं, की फोन करणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणत, “मंगळवारी नगरला या. तितं एक पोरगी हाय, माज्याआधी ती बघंल.” माझं काम पुन्हा सुरू झालं ते अशा रीतीनं. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत.

आता जे लिहिते आहे ते मामांनी लिहायला लावलं आहे. या ग्रंथासाठी लेख मागणारं पत्र दाखवायला मी गेले, तेव्हा ते म्हणाले, “खर्ड्याचं लिहिनार असशील तर लिही. न्हाईतर नुसता हार घालून मोकळी हो.”

खर्डा गावाच्या अलीकडे एका वस्तीवर आप्पा नावाचे शेतकरी राहत. त्यांच्या वडिलांनी एक जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी घेऊन ठेवली होती. माझी ओळख होण्याच्या कितीतरी आधी मामांनी ती पाहिली होती. चासीवरच्या नंबरातला एक आकडा दोनदा ठोकलेला दिसला. मामांनी एकाच भेटीत सांगून टाकलं, नंबर बनावट आहे, गाडी नकली आहे.

पुढे पुण्यात एका प्रदर्शनात आम्ही दोघं गेलो असताना त्याच कारखान्याची, त्याच तुकडीतली गाडी ठेवलेली होती. तिचा इतिहास मालकापाशी पहिल्या दिवसापासून होता. मामांनी वाकून नंबर पाहिला आणि ते वाकलेलेच राहिले. तिथंही तोच आकडा दोनदा ठोकलेला होता. कारखान्याचा ठसाच सदोष होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खर्ड्याला गेलो. गाडी नव्हती. नकली ठरल्यावर आप्पांनी ती भंगारात दिली होती. गोठ्याच्या कुडाला एक फट होती, तिथं तिचं एक दार तारेनं बांधलेलं होतं. मामांनी त्याला हात लावला नाही.

“आप्पा, गाडी खरी हुती,” ते म्हणाले. “माजं चुकलं.”

आप्पा वैरण टाकत होते. “आता सांगून काय उपेग?”

“उपेग न्हाई. पन तुमाला ठाऊक पायजे.”

“मला म्हायीत नव्हतं तवा बरं हुतं,” आप्पा म्हणाले आणि म्हशीकडे वळले. पाणीही विचारलं नाही. मग आम्ही रस्त्यावर येऊन एसटीची वाट पाहिली. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर ते म्हणाले, “गप बस जरा.”

त्यानंतर पाच-सहा महिने त्यांनी गाडी पाहायला जाणं बंद केलं. पुन्हा सुरू केलं ते स्वतःला नियम घालून. एक गाडी तीनदा पाहायची, तिन्ही वेळा वेगळ्या उजेडात. मत कागदावर द्यायचं ते कारणांसकट, आणि आपल्याला काय कळलं नाही तेही त्यात लिहायचं. लोक उतावीळ होतात, रागावतात, दुसऱ्याकडे जातात. मामा तिसऱ्या फेरीआधी तोंड उघडत नाहीत. मत दिल्यावरही त्यांना चैन पडत नाही. जेवता जेवता उठून ते वही काढतात, मला फोन करून एखाद्या रिव्हेटचा आकार विचारतात. हा शांत माणसाचा गौरव नाही, हे मला ठाऊक आहे. पण आम्हां शिष्यांना जे काही नीट पाहता येतं ते त्यांच्या या तळमळीतून आलेलं आहे.

सध्या त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली. संगमनेरकडच्या एका हिरव्या गाडीच्या दोन फेऱ्या झाल्यात, तिसरी बाकी आहे. “ऑपरेशन झाल्यावर रंग निराळे दिसत्यात म्हनं,” ते मला म्हणाले. “मग आदीच्या दोन फेऱ्या वाया.” मी रागावले. मामी तर आठवडाभर बोलल्या नाहीत. शेवटी असं ठरलं की येत्या सोमवारी मी त्यांना संगमनेरला नेईन आणि तिथून परस्पर दवाखान्यात. त्यांनी मान डोलावली आहे. मी त्यांची दवाखान्याची बॅग आधीच गाडीत ठेवली आहे.

आपण सगळे या पानांत त्यांना दीर्घायुष्य चिंतायला जमलो आहोत. मामांना निरोगी शंभर वर्षं लाभोत, त्यांच्या नजरेला नवी धार येवो, मामींचा राग लवकर निवळो. एवढं सगळ्यांच्या वतीनं मागते. माझ्या वतीनं आणखी एकच मागणं आहे. कधीतरी एखाद्या दुपारी, जेवण झाल्यावर, मनात एकही गाडी न येता त्यांचा डोळा लागावा. तसं झालं तर कुणी येऊन उठवू नये म्हणून मामी शेडला बाहेरून कडी घालणार आहेत, आणि आपल्यापैकी कुणीही त्या दुपारी सोनईला फोन करू नये.