पहिली पसंती

बारावीच्या वर्षात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कोणी कोणाला खरे मार्क सांगत नसे. पेपर कसा गेला, याचं उत्तर ठरलेलं होतं: "ठीक गं, काही खास नाही." असं म्हणणारी मुलगी पहिल्या पाचात यायची. मीही तेच म्हणायचे.

समोरच्या बिल्डिंगमधली माझी मैत्रीण आणि मी पहिलीपासून एकाच इंग्रजी शाळेत होतो, नंतर एकाच क्लासला. येताजाता तिच्याच स्कूटीवर. तरी सीईटीचा निकाल लागला तेव्हा तिचा पर्सेंटाइल मला तिच्या आईकडून कळला, आणि तिला माझा माझ्या आईकडून. माझा थोडासा जास्त होता. दशांश चिन्हानंतरचा फरक.

मला शहरातल्या एका जुन्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हवं होतं. तिलाही तेच हवं असणार, हे मी धरून चालले होते. म्हणून दोन महिने मी तिला सांगत राहिले की मला कॉम्प्युटरमध्ये रस नाही, सगळे तिकडेच धावतात, मला आपलं इन्स्ट्रुमेंटेशन बरं वाटतं. ती "अच्छा" म्हणायची. त्या अच्छाचा अर्थ मी घरी येऊन लावत बसायचे.

मग एके दुपारी ती म्हणाली, "आपण फॉर्म एकत्र भरूया ना. चुकलं तर कळेल तरी."

मला वाटलं, हिला माझी पसंतीक्रमाची यादी बघायची आहे. नाही म्हटलं असतं तर मी काहीतरी लपवतेय हे उघड झालं असतं. म्हणून मी ठरवलं की तिच्यासमोर खोटी यादी भरायची आणि घरी येऊन खरी.

तिच्या घरी, तिच्या लॅपटॉपवर, मी पहिल्या पसंतीला इन्स्ट्रुमेंटेशन टाकलं. कॉलेज तेच ठेवलं. कॉम्प्युटर तिसऱ्या क्रमांकावर, सहज टाकल्यासारखं. तिची यादी तिने आधीच भरलेली होती. "माझं काय, नेहमीचंच," ती म्हणाली आणि स्क्रीन खाली सरकवली.

"यादी लॉक कर ना आता. शेवटच्या दिवशी साइट हँग होते."

"करते घरी जाऊन."

"अगं, बटण दाबलंय मी, ओटीपी आलाय बघ तुझ्या फोनवर. का, बदलायचंय काही?"

तिने हे साधेपणाने विचारलं की मुद्दाम, ते मला कळलं नाही. काकू पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभ्या होत्या. दोघी माझ्याकडे बघत होत्या. लॉक पुन्हा उघडता येत असेल, असं मी गृहीत धरलं. ओटीपी टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की उघडता येत नाही. बाबांना घेऊन मी प्रवेशाच्या मदत केंद्रावर गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं.

"लॉक कोणी केलं?"

"मीच."

"मग आता तक्रार कोणाविरुद्ध लिहून घेऊ?"

बाबांनी गाडी सुरू केली. मग म्हणाले, "यादी दाखवायची नव्हती तर नाही म्हणायचं होतंस."

पहिल्याच फेरीत मला पहिली पसंती मिळाली. नियम असा की पहिली पसंती मिळाली की ती जागा तुमची, पुढच्या फेऱ्या बंद. माझ्या मार्कांवर कॉम्प्युटर मिळालं असतं. जागावाटपाच्या यादीत मी ती शाखा उघडून पाहिली. आमच्या दोघींच्या प्रवर्गातली शेवटची जागा माझ्या मैत्रिणीला मिळाली होती. मी तिथे असते, तर ती नसती.

मी त्या दुपारचा प्रत्येक शब्द पुन्हा आठवला. मी खोटं बोलतेय हे तिला दोन महिने माहीत होतं का? लॉक करायला तिने म्हणूनच सांगितलं का? की खरंच साइट हँग होईल म्हणून? तिला विचारायचं तर आधी मला कबूल करावं लागलं असतं.

संध्याकाळी काकू पेढे घेऊन आल्या. "दोघींचं मनासारखं झालं गं बाई." मागे ती होती, हातात एक जुनं, जाडजूड पुस्तक. इन्स्ट्रुमेंटेशनचं. बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून खास शोधून आणलं म्हणाली. पहिल्या पानावर तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: तुझ्या पहिल्या पसंतीसाठी.

मी वर पाहिलं. ती हसत होती, नेहमी हसायची तशीच.

"थँक्स," मी म्हटलं. "मला हेच हवं होतं."

"माहितीये मला," ती म्हणाली.