निवडुंगातली विहीर

अभिमन नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, पहूरच्या वेशीतून एक साळिंदर दोन पायांवर चालत येतंय. अंगभर काटे, धोतरसुद्धा निऱ्यांपेक्षा काट्यांच्याच भरवशावर टिकलेलं. मी गावचा नवा मास्तर, घाबरून नमस्कार केला. नानांनी कोपरातला काटा शांतपणे उपटला नि विचारलं, "मास्तर, किडा पाळानं काही पुस्तक शे का?"

नानांच्या वाघूरकाठच्या शेतात विहीर होती. निदान तसं सांगूनच त्यांनी भिकुबाईंशी लग्न जमवलं होतं. विहिरीभोवती फड्या निवडुंग माजलाय, हे सांगायचं राहून गेलं. नाना तो कुऱ्हाडीने तोडत. पडलेलं प्रत्येक फड, म्हणजे ते जाड काटेरी पान, पुन्हा मुळं धरी. विहीर आत कुठेतरी राहिली, आणि भिकुबाई लग्नापासून नदीवरून घागरी वाहत राहिल्या.

अशात नानांना धुळ्याच्या बाजारात कळलं, की शेतकी खात्याचा एक माणूस निवडुंग खाणारे किडे फुकट वाटतोय. किडकी फडं टोपलीत घेऊन नाना पाचोऱ्याहून पहूरमार्गे जामनेरला जाणाऱ्या छोट्या आगगाडीत बसले. फडांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखे ते किडे, चिरडले की कुंकवासारखे लाल. लोकांनी नानांना अख्खं बाकडं मोकळं करून दिलं.

घरी टोपली ओसरीत ठेवून, "हाई जपजो," एवढंच बायकोला सांगून नाना नदीवर गेले. परतले तर फडं राखेने माखलेली.

"कीड पडनी व्हती," भिकुबाई म्हणाल्या. "वांगासवर टाकस तशी राख टाकी दिनी."

"त्या किडा नव्हतात वं. तुनी विहीर व्हती ती."

त्या दिवशी भिकुबाई जेवल्या नाहीत. नानांनी दुसरी खेप आणली, ती टोपली मात्र भिकुबाईंनी स्वतः डोक्यावरून शेतात नेली नि किडकी फडं चांगल्या फडांना बांधली. पाण्याला जाता-येता त्या डोकावत. नाना तर तिथेच उकिडवे बसून असत, आणि शाळा सुटली की मीही. एवढासा जीव ते धूड खातो कसा, ते दिसेचना. किडा जागचा हलतच नसे. फडं मात्र पिवळी पडली, वाकली, शेवटी ओल्या फडक्यासारखी लोळली.

उन्हाळ्यात विहीर उघडी पडली. भिकुबाईंनी घागर शेंदली, एक घोट घेतला आणि घागर नानांपुढे धरली.

पाणी मचूळ होतं. भिकुबाई पुढेही नदीवरूनच पाणी आणत राहिल्या.