शेणात घोळलेले वाटाणे

आमच्या वऱ्हाडात कापसाची चलती आली ती माझ्या ऐन उमेदीत. साता समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बडनेऱ्याजवळच्या आमच्या गावात माणसं उंबरठ्यापर्यंत कपाशी पेरू लागली. माझे वडील तर सगळ्यांच्या पुढं. वांगी, मिरच्या, वाल, सगळं काढून टाकून त्यांनी परसातसुद्धा सरकी लावली. भाजी अमरावतीच्या बाजारातून यायची, तीही सुकलेली. पण वडिलांपुढं बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्याच वर्षी माझी बायको नांदायला आली. तिचं माहेर गाविलगडच्या डोंगरावर, थंड हवेतलं. ती येऊन दोन महिने झाले नाहीत तोच तिची आई वारली. दिवसकार्य उरकून ती परतली तेव्हा तिच्याजवळ एक लहानशी पोटली होती. तिच्या आईनं परसात पिकवलेल्या वाटाण्याचं ते बी. पोटली ती उशाशी घेऊन निजायची. घरात कामापुरतं बोलायची, माझ्याशी तेवढंही नाही. दोन घास खाऊन ताटावरून उठायची. मला बायकांच्या मनातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ही आपल्या घरात अशीच वाळून जाणार एवढं दिसत होतं.

दिवाळी झाली, थंडी पडली. एके सकाळी वडील गाडी घेऊन अमरावतीला गेले तशी मी न्हाणीमागची कपाशी उपटायला घेतली. चांगल्या दोन ओळी, बोंडांसकट. मग बायकोला म्हणालो, "तुयं बी दे. लावून देतो."

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. आत गेली, थोड्या वेळानं पोटली आणून माझ्या हातात दिली.

आता माझं शहाणपण ऐका. मी जन्मात एकच बी पेरलेलं, ते म्हणजे सरकी. सरकीच्या अंगाला कापसाचे तंतू असतात, त्यांनी बिया एकमेकींना चिकटतात. म्हणून पेरण्याआधी तिला शेणमातीच्या काल्यात घोळायचं, बाजेवर चोळायचं आणि उन्हात वाळवायचं. मला वाटलं, बी म्हटलं की हे आलंच. मी त्या गुळगुळीत वाटाण्यांनाही मनोभावे शेण चोळलं. एकेक दाणा घेऊन चोळला, उन्हात मांडला आणि दुपारनंतर ओळीनं मातीत टोचला.

तिन्हीसांजेला वडील आले. उपटलेली पऱ्हाटी बघून ते कडाडले, "काहून रे, डोकं फिरलं काय तुयं? लागलेली बोंडं उपटून राह्यला?" वाटाणे उगवले की सगळं भरून निघेल अशी माझी खात्री होती.

आठ दिवस गेले, दहा गेले. माती हलली नाही. शेवटी उकरून पाहिलं तर दाणे फुगून फुटलेले, बोट लागताच लगदा होत होता. खोटं कशाला सांगू, मी तिथंच बसून रडलो. तिच्या आईची एवढी एकच वस्तू तिच्याजवळ होती आणि ती मी कुजवली होती.

ती धुणं घेऊन न्हाणीशी आली. मी म्हणालो, "बी गेलं. म्या शेण लावलं होतं, सरकीवानी."

ती रागावली नाही. घरात गेली आणि नऊ दाणे घेऊन आली. "पोटलीच्या शिवणीत अडकले होते," म्हणाली. ते मात्र आम्ही दोघांनी मिळून लावले. किती खोल, किती अंतरावर, पाणी किती बेतानं, हे ती सांगत होती आणि मी करत होतो. इतकं ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

नऊच्या नऊ उगवले. वेल वर चढायला लागले तसे आम्ही त्याच उपटलेल्या पऱ्हाटीच्या काड्या त्यांच्या बुडाशी रोवल्या. रोज सकाळी ती वेलांपाशी जायची आणि येऊन तिच्या आईचं काहीतरी सांगायची. हळूहळू ती पोटभर जेवायला लागली. पौषात शेंगा भरल्या तेव्हा वडीलच विचारायला लागले, "सूनबाई, भाजी कदी होते याची?" तिनं एकच शेंग सोलली, घरात सगळ्यांना एकेक दाणा दिला, आणि बाकीच्या बियाण्याला ठेवल्या. पुढल्या साली वडिलांनी त्या दोन ओळींत सरकी टाकली नाही.

पुढं लढाई संपली, भाव उतरला, वाटाणे मात्र दर हिवाळ्याला होत राहिले. आमची लेक अंजनगावला दिली तेव्हा निघताना बायकोनं तिच्याजवळ बियाण्याची पोटली दिली. मी थट्टेनं म्हणालो, "जवायाले सांगजो, शेण नोको लावू म्हणा." लेक हसली. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती.

बायको हसली नाही. लेकीला म्हणाली, "मूठभर दाणे आधी काढून ठेवजो बाई. मंग त्यानं शेण लावलं तं लावू देजो."

मी विचारलं, "मंजे ते नऊ दाणे शिवणीतले नव्हते? शेण लावताना तू पाह्यलं होतं?"

"दारातच उभी होती."

"मंग थांबवलं काहून नाही?"

"जीव तुटत होता," ती म्हणाली. "पण तुमी एकेक दाणा हातात घेऊन चोळून राह्यले होते. आई गेल्यावर मायासाठी इतकं जपून कोणी काही केलं नव्हतं."

बाहेर गाडी जुंपून तयार होती. लेक पाया पडायला वाकली, तेव्हा मी पोटलीतले मूठभर दाणे काढून तिच्या पदराला बांधले.