फ्लोरिन पोचेना, काकू निघाल्या

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार, सकाळचे साडेनऊ. जमा: ठरल्याच्या निम्मंसुद्धा फ्लोरिन नाही. हजर: औषध बनवणारी मी, ते तपासणाऱ्या विभागातल्या मॅडम आणि सायक्लोट्रॉनवरचे इंजिनिअर. फ्लोरिन बनवणारं त्यांचं मशीन मध्येच बंद पडल्यामुळे ते तोंड पाडून उभे होते.

गुरुग्रामच्या आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी नवं औषध पहिल्यांदा रुग्णासाठी बनणार होतं. इस्ट्रोजेनसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडायचं. शरीरात गेल्यावर तो पेशींवरचे हार्मोनचे रिसेप्टर शोधून तिथं बसतो आणि स्कॅनमध्ये ती जागा उजळते. गाझियाबादच्या एका मराठी काकूंच्या मणक्यात स्तनाच्या कर्करोगाची गाठ उतरली होती. सुई घालून तुकडा काढता येणार नाही, अशा जागी. गाठ उजळली तर ती हार्मोनवर वाढणारी; मग हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांवर भागण्यासारखं होतं. नाहीतर गुरुवारपासून किमो.

मी कागदावर हिशेब मांडला. किरणोत्साराच्या मापात हाती येणार फार तर नऊ मिलिक्युरी, डोस सहाचा. हे फ्लोरिन एकशे दहा मिनिटांत निम्मं होतं. तपासणीचा अर्धा तास, पुढे गाझियाबादपर्यंत दोन तास. तिथं चारसुद्धा उरणार नव्हते.

"मॅडम, आप तो दूधवाले से भी ज़्यादा हिसाब करती हैं," तपासणीवाल्या मॅडम म्हणाल्या.

"दूध वाटेत आटत नाही," मी म्हटलं आणि तेवढ्यात सुचलं. औषध जाऊ शकत नसेल, तर काकूंनीच यावं. स्कॅनर आमच्या तळमजल्यावरही होता. मणका दुखतो म्हणूनच आपण त्यांना घराजवळचं हॉस्पिटल दिलं होतं. पण आत्ता निघाल्या तर औषध आणि त्या एकदमच तयार होतील. गाझियाबादच्या डॉक्टरांनी फोनवर होकार दिला. मग काकूंना लावला.

"काकू, स्पष्ट सांगते. तपासणीत औषध नापास झालं तर तुमचा हेलपाटा फुकट जाईल. टॅक्सी आमच्याकडून, पण प्रवासात पाठही दुखेल."

"किमोपेक्षा जास्त?"

"नाही."

"मग विचारता काय? निघते. मागच्या सीटवर आडवी पडते. आणि नापास झालं तर काय द्याल?"

"चहा."

"साखर घालून. घरी देत नाहीत मला."

शिशाच्या भिंतीआड औषध बनायला लागलं. मी काचेतून आकड्यांकडे बघत होते. पंचवीस वर्षांच्या नोकरीत पेशंट वाटेत असताना औषध कधी बनवलं नव्हतं. बाहेर आलं ते नऊच्या किंचित खाली. मॅडमनी नमुना घेतला. शुद्धता, आम्लता, जंतू अडवणाऱ्या गाळणीची चाचणी. मग आलेखाचा कागद त्यांनी माझ्यासमोर आपटला. "पास! बिल्कुल साफ!" इंजिनिअरनी टाळी वाजवली आणि लगेच विचारलं, "पेशंट कुठंय?"

पेशंट महिपालपूरला, दिल्लीच्या टोकाच्या ट्रॅफिकमध्ये, अडकली होती. पंधरा मिनिटं आम्ही सगळे लिफ्टपाशी उभे होतो. डब्यातलं फ्लोरिन कमी होत होतं आणि कुणी घड्याळाकडे बघायचं नाव काढत नव्हतं. काकू स्ट्रेचरवरून आल्या तेव्हा इंजेक्शनमध्ये सव्वासहा भरले.

तासाभरानं स्कॅन झाला. स्कॅन वाचणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. यकृत उजळलं होतं, ते अपेक्षितच होतं. खाली, कमरेच्या मणक्यात, दाण्याएवढा एक ठिपका लखलखत होता. मी मोठ्यानं "दिसतोय!" म्हणाले. डॉक्टर हसले आणि त्यांनी तिथूनच गाझियाबादला फोन लावला. गुरुवारची किमो रद्द झाली.

"म्हणजे गोळ्या?" काकूंनी विचारलं.

"गोळ्या."

त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

गाडीभाड्यावर अकाउंट्सनं हरकत घेतली. औषधाच्या वाहतुकीला खर्चाचं खातं होतं, रुग्णाच्या वाहतुकीला नव्हतं. टॅक्सीवाल्याला जाऊन-येऊन, थांबण्यासकट, अठराशे रुपये मी माझ्या पर्समधून दिले.