पळपुट्याचा मळा नकाशावर येतो

सुभेदार नानासो फौजेतून निवृत्त होऊन घरी परतले, तेव्हा त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या: पत्र्याची काळी ट्रंक आणि एक तक्रार. ट्रंक माळ्यावर गेली. तक्रार कुठे ठेवावी हे कळेना.

तक्रार होती मळ्याच्या नावाबद्दल. पलूस-कुंडल रस्त्यावरून आत वळून उसातनं थोडं गेलं की नानासोंचं घर. त्याला सगळा मुलूख ‘पळपुट्याचा मळा’ म्हणतो. नानासोंचा आजा, नाव गुंडा, महायुद्धाच्या वेळी भरती झाला, ट्रेनिंगमधून पळून आला आणि शाळवाच्या उभ्या पिकात लपून बसला. शोधायला आलेल्या शिपायांना घरच्याच कुत्र्याने शेपूट हलवत थेट त्याच्यापाशी नेलं. त्यानंतर त्या मळ्याचा पत्ता इतका बिनचूक कुणालाच सापडला नाही. पुढे नानासोंचे वडील फौजेत गेले, नानासो गेले, दोघांनी पेन्शन आणली. पण एका माणसाच्या पळण्यावर दोन पिढ्यांची फौज उतारा म्हणून पुरली नाही. नानासोंनी फाट्यावर ‘सुभेदार मळा’ अशी ठळक पाटीही लावून पाहिली. लोक ती वाचत आणि विचारत, “पळपुट्याचा मळा ह्योच न्हवं?”

“आवं, लोकांच्या तोंडाला काय झाकण लावणार हाय का तुमी?” त्यांची बायको अंजना म्हणे. ती स्वतः माहेरी पत्ता सांगताना पळपुट्याचाच मळा म्हणायची, कारण पाव्हणे वेळेत यावेत अशी तिची इच्छा असे.

अशात सांगलीच्या एका वाचनालयात रविवारी नकाशाचा वर्ग आहे असं नानासोंच्या कानावर आलं. शिकवणारा अवधूत कॉलेजात मास्तर होता आणि सुट्टीच्या दिवशी इंटरनेटवरचा सगळ्यांसाठी खुला असलेला नकाशा फुकट भरत बसायचा. घरच्यांनी त्याचा नाद सोडला होता. त्याने पडद्यावर पलूसच्या बाजूचा भाग दाखवला. एक रस्ता, एक ओढा, बाकी सगळं कोरं. नानासोंनी शत्रूच्या मुलखाचेसुद्धा याहून भरलेले नकाशे पाहिले होते.

“उपग्रहाच्या फोटोवरून घरं आणि वाटा गिरवायच्या,” अवधूत सांगत होता. “मग फोन घेऊन प्रत्यक्ष फिरायचं, खात्री करायची आणि नावं भरायची.”

“नावं कोण ठरवतं?” नानासोंनी जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं.

“आपणच, काका.”

नानासोंच्या डोक्यात तेव्हाच बँड वाजू लागला, आणि त्या नादात पुढचं वाक्य निसटलं. ते चहाच्या वेळी पुन्हा ऐकावं लागलं. “म्हणजे, लोक जे म्हणतात तेच लिहायचं. आपल्याला आवडतं ते नाही.”

चहा लगेच कडू लागला. पण नियम म्हटला की नानासोंचा पाठकणा आपोआप ताठ व्हायचा. त्यांनी ठरवलं, आधी आख्खा मुलूख भरायचा, आपला मळा शेवटी. तोवर काहीतरी सुचेल.

सुरुवात उत्साहात झाली. पहिल्याच दिवशी गिरवलेल्या घरांतलं सगळ्यात देखणं घर प्रत्यक्षात लालासाहेबांची कडब्याची गंजी निघाली. ती पुसून नानासो पायी फिरू लागले, आणि फिरत फिरत लालासाहेबांच्या दारात पोचले. लालासाहेब शाळेपासूनचे सोबती. त्यांच्या वस्तीला ‘उपाशी वस्ती’ म्हणत. त्यांच्या वडिलांच्या लग्नात जेवण संपलं होतं आणि निम्मं वऱ्हाड तसंच परत गेलं होतं.

“हितं लालासाहेब फार्म हाऊस लिव्ह,” लालासाहेब म्हणाले.

“न्हाई जमायचं. लोक म्हणत्यात त्येच लिवायचं, असा नियम हाय.”

“आरं गड्या, त्या पंगतीतली निम्मी मान्सं वर गेली! तवापास्नं हितनं कोन उपाशी गेलंय, सांग की.”

“मी,” नानासो म्हणाले. “मागल्या पंचमीला. नुसत्या च्यावर वाटंला लावलास.”

लालासाहेबांना ते आठवलं असावं. “लिव्ह मग उपाशी. पन तुझ्या मळ्याचं काय लिवतोस त्ये बगतोच. त्या पाटीवरचं नाव नकाशात दिसलं, तर त्यो फोन हिरीत आन मागनं तू.”

महिनाभरात कोरा भाग भरला. लोक आधी रुसले, मग तोच नकाशा पुण्यातल्या भावकीला पाठवू लागले. नानासोंचं घर नकाशात होतं, पण नावाची जागा रिकामी.

“आख्ख्या मुलखाचं बारसं क्येलंसा,” अंजना म्हणाली, “आन आपलंच प्वार बिननावाचं?”

नानासोंनी ‘सुभेदार मळा’ लिहिलं. अवधूत तिकडे सांगलीत. त्याला काय कळणार होतं? त्याला कळलंच नसतं, हीच पंचाईत होती. त्यांनी ते पुसलं. मग नियमाप्रमाणे खात्री करायला ते फाट्याच्या बरेच अलीकडे रस्त्यावर गेले आणि दुधाच्या गाडीचा नवा ड्रायव्हर थांबवून विचारलं, “सुभेदार मळा कुठं आला हो?”

त्याचा चेहरा उजळला. “म्होरं ह्ये मोठी पाटी हाय बगा, सुभेदार मळा म्हनून. ती दिसली की आत वळा. त्योच पळपुट्याचा मळा.”

नानासोंनी त्याचे आभार मानले. फाट्यावर परत येऊन, स्वतःच्या पाटीखाली उभं राहून, त्यांनी फोनमध्ये ‘पळपुट्याचा मळा’ असं लिहिलं आणि जतन केलं. गोळी लागल्यावर म्हणे आधी काहीच जाणवत नाही. त्यांनाही जाणवलं नाही. उलट भूक लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लालासाहेब फोन धरून अंगणात आले. ते भांडणाची तयारी करून आले होते आणि आता त्या तयारीचं काय करावं, हे त्यांना कळत नव्हतं. नकाशा बोटांनी मोठा करून, लहान करून त्यांनी पाहिला. नाव तेच राहिलं.

“आवं सुभेदार,” ते शेवटी म्हणाले, “उठा. जेवाय चला. वैनी, तुमीबी.”

फौज सोडल्यापासून, पेन्शनची बँक वगळता, नानासोंना कुणी सुभेदार म्हटलं नव्हतं. ते चप्पल शोधायच्या निमित्ताने जरा वेळ आत गेले.

उपाशी वस्तीवर त्या दिवशी मटण होतं, आणि नको म्हणायची सोय नव्हती. नानासोंना भिंतीला धरून उठावं लागलं.

“मग?” लालासाहेब हात धुता धुता म्हणाले. “आता तरी उपाशी काडशील का न्हाई?”

“एकट्यानं म्हनून भागत न्हाई,” सुभेदार ढेकर देत म्हणाले. “लोकांनी म्हनाय पायजे. जेवाय घालत ऱ्हा.”