जिभेखालची गोळी आणि पाचवं शील

पाचवं शील आलं की माझा आवाज बसायचा. पहिली चार शीलं मी सगळ्यांबरोबर म्हणायचो, पाचव्याला नुसते ओठ हलवायचो. जालन्यात एमआयडीसीच्या मागं आमच्या कामगारांच्या वस्तीत पत्र्याचं छोटं विहार आहे. रविवारी तिथं वंदना होते. माझ्या शेजारी मिलिंद बसायचा, त्याचे तर ओठही हलायचे नाहीत. नशेपासून दूर राहीन असं जे शील सांगतं, ते आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं, हाच आम्हा दोघांचा प्रश्न होता.

मी किनवटकडचा. सातवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत इथं सळईच्या कारखान्यात लागलो. लाल लोखंड चिमट्यानं ओढायचं काम. कंबर धरली तेव्हा कोणीतरी दुखण्याची कॅप्सूल दिली. दुखणं थांबलं आणि वर मन हलकं झालं. पुढं दुखो न दुखो, कॅप्सूल लागायचीच. नाही घेतली की नाक गळायचं, हाडं मोडल्यासारखी व्हायची, झोप उडायची. मिलिंद माझ्याच खोलीत राहायचा, त्याचंही तेच झालं होतं. पण सरकारी दवाखान्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रात मला घेऊन गेला तोच. तिथं रोज सकाळी सिस्टर एक गोळी जिभेखाली ठेवायला देतात. ती गिळायची नाही, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. मग जीभ वर करून तोंड दाखवायचं, सिस्टर म्हणतात "बराबर," आणि आपण कामावर जायचं. त्या गोळीनं आम्हाला माणसात आणलं. झोप आली, भूक आली, घरी पैसे जायला लागले.

पण डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की ही गोळीही त्या कॅप्सूलसारखी अफूच्याच जातीतली आहे, म्हणून तिनं अंगातली ओढ शमते. ते शब्द आम्ही भलतेच धरून बसलो, म्हणजे गोळीही नशाच. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होणार होता. त्या तीन महिन्यांत आमच्या विहारात रोज ग्रंथवाचन असतं आणि माणसं शीलं जास्त निष्ठेनं पाळतात. मिलिंद म्हणाला, "वर्षावास लागून राह्यला. आता शुद्ध तोंडानं शील म्हणायचं. गोळी बंद." मी म्हणालो, "डाक्टरला इचारू की." तो हसला. "डाक्टर काय भंतेजी हाये का?" मला भीती वाटत होती, पण त्याच्या शब्दापुढं माझी भीती नेहमीच लहान पडायची. आम्ही केंद्रात जाणं सोडलं. पौर्णिमेला मिलिंदनं पाचवं शील एवढ्या मोठ्यानं म्हटलं की वंदना घेणाऱ्या ताईंनी मान वळवून पाहिलं. त्याचा चेहरा त्या दिवशी फार सुंदर दिसत होता. तो मला अजून तसाच आठवतो.

पुढचे दिवस आम्ही दोघांनी भिंतीला पाठ लावून काढले. मला उलट्या व्हायच्या, तो माझ्या तोंडावर पाणी मारायचा आणि स्वतः कुडकुडायचा. मग एका सकाळी मी हाक मारली आणि तो उठला नाही. अंग गार पडलं होतं. उशीखाली कॅप्सूलची पट्टी होती. सहन झालं नाही म्हणून त्यानं पूर्वी घ्यायचा तेवढ्याच घेतल्या असतील. मध्ये खंड पडला की शरीराला पहिल्याइतकं पेलत नाही, हे मला नंतर कळलं. त्याच्या आईला दिसू नये म्हणून ती पट्टी मी खिशात घातली.

त्याचं गाव गेवराईकडं. मी तिथं त्याच्या दिवसांपर्यंत, पुण्यानुमोदनाच्या विधीपर्यंत थांबलो. माझं अंग तेव्हाही दुखतच होतं, लोकांना वाटलं दुःखानं थरथरतोय. त्याच्या आईनं मला एकच विचारलं, "लय दुखलं का रे त्याला?" मी म्हणालो, "न्हाई माय, झोपेतच गेला." तिनं मान हलवली आणि मला भाकरी वाढली.

परत येताना एसटीत मला दरदरून घाम फुटला. गोदावरीचा पूल ओलांडून शहागडला मी कंडक्टरला विनवून उतरलो आणि रस्त्याच्या कडेला ओकलो. हात खिशात गेला. पट्टीत काही कॅप्सूल उरल्या होत्या. केंद्रात परत जायची लाज वाटत होती, आणि गोळी परत सुरू करणं म्हणजे मिलिंदचा शब्द मोडणं वाटत होतं. कॅप्सूल घेतली तर दुखणं लगेच थांबणार होतं, मग पुढं काहीही होवो. मी मनात म्हणालो, भगवंता, मला काही सुचत नाही.

समोर ट्रकच्या टायरचं पंक्चर काढायचं दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्या चाचांनी हाक मारली, "ए बेटा, उन्हात काय बसला? इकडं ये, पानी पी." मी बाजेवर बसलो. पाणी देता देता त्यांनी छाती धरली, सदऱ्याच्या खिशातून बारीक गोळी काढली आणि जिभेखाली ठेवली. मी घाबरून काही विचारायला गेलो, तर त्यांनी बोट वर केलं. थांब. डोळे मिटून ते गप्प बसले. अगदी आम्ही केंद्रात बसायचो तसे. मी त्यांना माझं काहीच सांगितलेलं नव्हतं.

गोळी विरघळल्यावर ते म्हणाले, "दिल की है. पहिले लय शरम वाटायची. म्हणायचो, दुआ कमी पडून राह्यली का काय. मंग बीवी बोलली, तोंड तर एकच दिलंय. दुआ बी त्यातूनच, गोळी बी त्यातूनच."

मी विचारलं, "कवापर्यंत घ्यायची, चाचा?"

"डाक्टर म्हणल तवर. मला कुठं लग्नाला जायची जल्दी हाये?"

मी रडायला लागलो. त्यांनी कारण विचारलं नाही. जालन्याकडं जाणाऱ्या एका ट्रकवाल्याला थांबवून मला बसवून दिलं. मी सरळ केंद्रात गेलो आणि पट्टी टेबलावर ठेवली. सिस्टरनी विचारलं, "अन् मिलिंद?" मी त्या पट्टीकडं बोट केलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, डॉक्टरांना बोलावलं, आणि तपासून झाल्यावर त्यांनी गोळी माझ्या हातावर ठेवली.

वर्षावास संपायच्या आधी मी हिंमत करून विहारातल्या ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला जवळ बसवलं. मग म्हणाल्या, "ते शील भान हरपण्याबद्दल हाये, बाबा. गोळीनं तुझं भान हरपतं का?" मी म्हणालो, न्हाई ताई, गोळीनंच तर येतं. "मंग म्हण की मोठ्यानं. त्या लेकरानं बी मला इचारलं असतं तर..."

नंतर एकदा शहागडला मुद्दाम उतरलो. चाचा होते, पण मला ओळखलं नाही. म्हणाले, "इथं रोज कोणी ना कोणी ओकायला उतरतंच, बेटा." त्यांना आठवत नव्हतं, याचंही मला बरं वाटलं. मी त्याला चमत्कार म्हणत नाही. करुणा मला त्या दिवशी ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांनी भेटली, एवढंच सांगतो.

शरण जाणं म्हणजे स्वतःच्या ताकदीवर सगळं सोसून दाखवणं, असं आम्ही समजलो होतो. आता वाटतं, कोणी हात दिला की तो धरणं, हेही शरण जाणंच आहे. मिलिंदला हे कळायला अवधी मिळाला नाही. मला मिळाला, आणि का मिळाला ते मी विचारत नाही.

रोज सकाळी गोळी विरघळेपर्यंत मी डोळे मिटून मनात बुद्ध, धम्म, संघ ही तिन्ही शरणं म्हणतो, एकदा माझ्यासाठी, एकदा त्याच्यासाठी. त्याला शुद्ध तोंड पाहिजे होतं. मी जीभ वर करतो, तोंड दाखवतो. सिस्टर म्हणतात, "बराबर."